शिक्का बसलेली चिठ्ठी

— काय वहिनी, काल आमच्या ह्यांच्याशी काउंटरवर भांडलात म्हणे!

— भांडतेय कसली ताई, नुसतं विचारलं. गेल्या आठवड्यात सासूबाईंच्या कमरेसाठी ट्रामाडोलच्या दहा गोळ्या ह्याच चिठ्ठीवर दिल्या होत्या ना तुम्ही? चिठ्ठी तीच, कंबर तीच, दुकानही तुमचंच. मग काल ‘नवीन लिहून आणा’ कशाला?

— चिठ्ठी नीट बघा. डॉक्टरांच्या सहीवर आमचा शिक्का आणि तारीख आहे. एकदा शिक्का बसला की ती चिठ्ठी संपली. ‘पुन्हा द्यावी’ असं डॉक्टरांनी स्वतः लिहिलं असेल तरच चालते. नियम जुनाच आहे.

— मग बीपीच्या गोळ्या वर्षभर एकाच चिठ्ठीवर कशा मिळतात?

— हळू बोला हो! ट्रामाडोलचं निराळं. पाकिटावर लाल चौकट असते ना, ते एच-वन यादीतलं औषध. मार्च 2014 पासून त्याचं रजिस्टरच वेगळं. डॉक्टर कोण, पेशंट कोण, किती गोळ्या दिल्या, सगळं मांडायचं आणि तीन वर्षं जपायचं. त्यात 2018 साली ट्रामाडोल अमली पदार्थांच्या कायद्यात गेलं. तेव्हापासून ड्रग इन्स्पेक्टरचं नाव निघालं तरी ह्यांना घाम फुटतो.

— अमली पदार्थ! अहो, सासूबाईंना ऐंशी पूर्ण झाली.

— पंजाबात पोरं ह्या गोळ्यांच्या नादी लागली होती. पण तुमचा राग मला कळतो. 2025 च्या फेब्रुवारीत बीबीसीनं दाखवलं ना, आपल्या पालघरच्या एका कंपनीच्या गोळ्या घाना-नायजेरियात नशेसाठी विकल्या जात होत्या. त्या टॅपेन्टाडॉलच्या, ह्याच कुळीतल्या. बोभाटा झाल्यावर सरकारनं परवानगी काढून घेतली. तो माल समुद्रापार गेला, आणि तुम्हाला मात्र दहा गोळ्यांसाठी रिक्षाचा हेलपाटा!

— माझी भाची न्यू जर्सीत असते. तिथंही 2017 पासून नव्या दुखण्याला पहिल्या चिठ्ठीवर पाच दिवसांच्या वर देत नाहीत म्हणे.

— तिथं आधी खिरापतीसारख्या वाटल्या, माणसं मेली, मग जाग आली. आपल्याकडे उलटंच झालं. माझ्या मामांना जिभेचा कॅन्सर होता. मॉर्फिनची साधी गोळी, दर चार तासांनी घ्यायची. नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्यानं अफू पिकते, मॉर्फिन निघतं ते अफूतूनच. पण 1985 च्या त्याच अमली पदार्थांच्या कायद्यानंतर एवढ्याशा औषधासाठी हॉस्पिटलांनी चार-चार परवाने काढायचे, तेही सगळे एकाच वेळी चालू हवेत! कोण करणार तो खटाटोप? आमच्या गावात मॉर्फिन नव्हतंच. मामेभाऊ रात्रीची एसटी धरून मुंबईहून आणायचा. केरळचे डॉक्टर राजगोपाल आणि त्यांच्यासारखे लोक वर्षानुवर्षं मागे लागले, तेव्हा कुठे 2014 ला कायदा बदलला. आता राज्याच्या औषध खात्याची मान्यता असली की पुरे. मामा त्याआधीच गेले. शेवटचे दिवस नुसतं कण्हणं.

— ऐकवत नाही हो.

— म्हणून म्हणते, शिक्के मारा, रजिस्टरं भरा, माझी ना नाही. पण दुखणाऱ्याला पळवू नका. किती दिवस, किती वेळा, हे डॉक्टरांनी चिठ्ठीवर स्वच्छ लिहायला दोन मिनिटंही लागत नाहीत. बरं, मला सांगा, रोज एक म्हणजे दहा गोळ्या दहा दिवस पुरायला हव्यात. आठवड्यात संपल्या कशा?

— ...चार अप्पांना दिल्या. पलीकडच्या. पाठ धरली होती त्यांची.

— अप्पांना? वहिनी, ते रोज रात्री झोपेची गोळी घेतात! दोन्ही एकत्र पोटात गेल्या तर श्वास मंदावतो. काल घेतली का त्यांनी?

— सकाळपासून दिसले नाहीत खरे...

— मग उभ्या काय राहिलात? फोन लावा! मी मागच्या फाटकानं जाते.