वाई पाहावी पायी

वाईच्या हेरिटेज वॉकची वेळ पत्रकात सकाळी सातची छापलेली असते. सातला गाईड येतो. पुण्या-मुंबईची मंडळी मिसळ उरकून, पाण्याच्या बाटल्या घेऊन, पावणेआठला उगवतात. त्यांत डोक्यावर टोपी घातलेले एक निवृत्त काका हमखास असतात. त्यांना सगळं आधीच ठाऊक असतं आणि तरीही ते पैसे भरून आलेले असतात. आर्किटेक्चर शिकणारी एक मुलगी असते, ती न बोलता खांबांची चित्रं काढते. उरलेल्यांचा प्रश्न एकच: ‘शूटिंग कुठं झालं?’

प्रश्न अगदीच गैर नाही. ‘गंगाजल’मध्ये वाई बिहार झाली, ‘दबंग’मध्ये उत्तर प्रदेश झाली. पडद्यावर वाईला वाई होण्याची संधी तशी कमीच मिळते. ती कसर वाईकर सातारा जिल्ह्यात राहूनच दक्षिण काशी म्हणवून घेऊन भरून काढतात.

गाईड बिचारा पेशवाईतून सुरुवात करतो. इथलं रास्ते घराणं म्हणजे नानासाहेब पेशव्यांची सासुरवाडी. त्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच घरातल्या. पेशव्यांचे सोयरे म्हटल्यावर हात आखडता घेऊन कसं चालेल? आनंदराव भिकाजी रास्त्यांनी 1757 मध्ये काशीविश्वेश्वराचं देऊळ बांधलं, गणपतराव भिकाजींनी 1762 मध्ये महागणपतीचं. पहिल्या देवळापुढचा नंदी काळ्या दगडाचा, आणि इतका घोटीव की सेल्फी काढणाऱ्यांना आपण नंदीत दिसतो की मोबाईलमध्ये, हे क्षणभर कळत नाही. दुसऱ्या देवळातल्या देवाला महागणपती हे नाव फक्त माहितीफलकावर आहे. गावाने त्याचा आकार पाहून सरळ ‘ढोल्या’ म्हटलं आणि देवानेही ते मनावर घेतलेलं दिसत नाही.

मंडळी दर्शन घेतात, प्रसाद घेतात आणि चपला शोधायला लागतात. ‘अहो, थांबा, खरी गंमत मागे आहे,’ असं गाईड ओरडतो तेव्हा निम्मे लोक घाटाच्या पायऱ्यांवर बसलेले असतात.

गंमत खरोखरच मागे आहे. ढोल्याचं देऊळ कृष्णेच्या इतकं काठाशी आहे की पूर आला की नदीच दर्शनाला येते. तिला अडवण्याच्या भानगडीत बांधणारा पडला नाही. त्याने देवळाची मागची भिंत सपाट न ठेवता मत्स्याकार, टोकदार काढली. पाणी येऊन त्या टोकावर दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी वाट काढतं. त्याच काठावर अलीकडे काय काय बांधलं गेलंय ते पाहिल्यावर त्या माणसाबद्दलचा आदर फारच वाढतो.

‘हे मला माहीत होतं,’ काका म्हणतात. मुलगी वहीत त्या टोकाचं चित्र काढते. तेवढ्यात चित्रात एक बाई येतात. त्यांना त्याच भिंतीच्या उन्हात साडी वाळत घालायची असते.

पुढे आळ्यांमधले वाडे. खाली चिरेबंदी जोतं, वर सुरूचे खांब, तुळयांखाली कोरलेली केळफुलं, दिंडी दरवाजाच्या शेजारी तीन वीजमीटर आणि ‘गेटसमोर गाडी लावू नये’ ही पाटी. पाटीखाली गाडी. वाडा दुरुस्त का करत नाहीत, असं कुणीतरी शहरी निष्पापपणे विचारतं. ओसरीवरचे आजोबा पेपरातून मान वर करून सांगतात, ‘सातबारावर किती नावं आहेत माहितीये का?’ विचारणाऱ्याला नसतात माहीत. सगळ्या भाऊबंदांचं एकदा जमलं की दुरुस्ती होईल. तोवर वाळवीचं मात्र एकमत आहे.

वाटेत विश्वकोशाचं कार्यालय लागतं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी अख्ख्या जगाचं ज्ञान मराठीत अकारविल्हे लावायचं काम याच गावात बसून केलं. पहिला खंड 1976 सालचा. काका इथे पहिल्यांदाच गप्प होतात. सगळं माहीत असण्याचा धंदा सरकारी पातळीवर चालतो, हे त्यांना जरा लागलं असावं.

बऱ्याच वॉकमध्ये शेजारचं मेणवली गाव धरलेलं नसतं, ही मात्र चूक आहे. नाना फडणविसांचा सहा चौकांचा वाडा तिथे उभा आहे, भिंतींवर जुनी चित्रं आहेत, आणि मागे उतरलं की घाटावर एक घंटा टांगलेली दिसते. ती चर्चमधली. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तिथून आलेली. तिच्यावर 1707 हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे, समोर मेणेश्वर महादेव आहे, आणि इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांबद्दल तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. ‘स्वदेस’चं चित्रीकरण याच घाटावर झालं, त्यामुळे शूटिंगवाल्यांचंही समाधान होतं.

मेणवली वाईहून जेमतेम तीन किलोमीटर. तेव्हा वॉकमध्ये नसली तरी आपली आपण जा, आणि चालत जा. तेवढ्यासाठी रिक्षा करणाऱ्याने हेरिटेज वॉक केल्याचं घरी सांगू नये.