लिफाफा क्रमांक एक : लेखनविधी

सरकारी संगणकीकरणाचे कंत्राट मिळवण्यासाठी प्रस्ताव कसा लिहावा, या विषयावर मराठीत प्रमाणग्रंथ झालेला नाही. ज्यांना तो लिहिता आला असता, ते सगळे या क्षणी कुठल्या तरी टेंडरच्या शेवटच्या तारखेत अडकलेले आहेत. प्रस्तुत लेखकही त्यातलाच. पण हातातल्या टेंडरची तारीख शुद्धिपत्रकाने पुढे गेली आहे, तेवढ्या उसंतीत हे विधी नोंदवून ठेवतो. ते मुख्यतः आमच्या सरांसाठी आहेत. सर म्हणजे कंपनीचे मालक. ते हा लेख वाचण्याचा धोका नाही, कारण ते टेंडरचा मूळ दस्तऐवज, म्हणजे आरएफपीसुद्धा, वाचत नाहीत.

नियम पहिला. प्रस्ताव वाचला जात नाही, तपासला जातो.

सरांच्या मनात प्रस्तावाचा एक वाचक आहे. तो सचिव दर्जाचा आहे, दालनात एकटाच बसला आहे, आणि ‘आमची वाटचाल’ हे प्रकरण वाचता वाचता त्याचा चहा गार होतो आहे. या वाचकासाठी सर ‘डिजिटल भारताच्या पहाटेचे शिल्पकार’ असली वाक्यं लिहितात आणि ती ठळक टायपात घ्यायला मला सांगतात. हा सचिव मी अजून पाहिलेला नाही. मी पाहिल्या आहेत त्या कार्यासनातल्या मॅडम. त्यांच्या टेबलावर सगळ्या निविदाकारांचे गठ्ठे असतात, आणि समोर आडवा छापलेला तपासणी तक्ता. डावीकडे अटी, वर कंपन्यांची नावं, मधे रकाने. रकान्यात ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहायचं आणि खाली पान क्रमांक टाकायचा. मॅडम फूटपट्टी ठेवून एकेक ओळ खाली उतरतात. पट्टी ‘मागील तीन वर्षांची सरासरी उलाढाल’ या ओळीवर आली की त्यांना सीएचं प्रमाणपत्र लागतं, त्यावर यूडीआयएन लागतो आणि ते कितव्या पानावर आहे ते लागतं. पहाट लागत नाही. एकदा मला म्हणाल्या, “अहो, तुमचं वाचायला छान असतं, पण सापडत काही नाही.” माझ्या लेखनाची याहून नेमकी समीक्षा कुणी केलेली नाही.

म्हणून विधी असा. पहिल्याच पानावर तक्ता द्यावा : अटीचा क्रमांक, अट, पूर्तता, पान क्रमांक. अटींचा क्रम टेंडरचा, शब्दही टेंडरचेच. आपल्या शब्दात सुधारून लिहिण्याचा मोह टाळावा. पान क्रमांक पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग असावेत, दर परिशिष्टाला नव्याने एकपासून सुरुवात नको. ताळेबंदातल्या ज्या ओळीत उलाढाल आहे तिच्याभोवती चौकोन काढावा. स्कॅनिंग शंभर डीपीआयवर, कृष्णधवल करा असं पोर्टलच सांगतं. त्यात आपला जांभळा गोल शिक्का काळा गोळा होऊन उमटतो, तेव्हा सही शिक्क्याच्या बाजूला करावी, शिक्क्यावर नाही. एवढं केलं तर मॅडमचा अर्धा तास वाचतो. तो वाचवणाऱ्याला त्या दोन गुण जास्त देत नाहीत, देऊही शकत नाहीत. पण एखादा कागद पान ११८ ऐवजी ११९ वर निघाला, तर ‘नाही’ लिहिण्याआधी पान उलटून बघतात. धंद्यात एवढी माया पुरते.

नियम दुसरा. आरएफपी शेवटाकडून वाचावी.

सुरुवातीला अस्वीकरण असतं, मग शासनाचं ध्येयधोरण, मग विभागाचा इतिहास. खरं टेंडर मागे, पैसे कधी मिळणार आणि दंड किती, या दोन तक्त्यांत असतं. साठ टक्के रक्कम ‘प्रणाली कार्यान्वित झाल्यावर’ असेल तर पेन्सिलीने पुढे लिहावं : कुणाच्या माहितीवर? जुन्या नोंदी विभागाने द्यायच्या असतात, त्या दफ्तरात बांधलेल्या असतात, आणि उशिराचा दंड मात्र आपल्याला दर आठवड्याला. ‘विभागाने माहिती पुरवल्याच्या दिनांकापासून’ हे शब्द प्री-बिड बैठकीत मागून घ्यावेत. संपूर्ण टेंडरमध्ये भांडावं असं हे एकच ठिकाण आहे. सर मात्र लोगोच्या जागेवरून भांडतात.

नियम तिसरा. पात्रता ही कवितेची जागा नव्हे.

केंद्रीय दक्षता आयोगाने २००२ साली एक प्रमाण घालून दिलं : गेल्या सात वर्षांत अंदाजित रकमेच्या ४० टक्क्यांची तीन, ५० टक्क्यांची दोन किंवा ८० टक्क्यांचं एक तत्सम काम. ते बांधकामांच्या जगातून आलं. पुलाच्या बाबतीत तत्सम म्हणजे काय ते नदीलाही कळतं. सॉफ्टवेअरमध्ये ‘तत्सम’वर वकील पोसले जातात. सरांच्या मते आम्ही एका सहकारी संस्थेला केलेली हजेरीची प्रणाली ही भूमी अभिलेखांशी तत्सम आहे, कारण दोन्हीत नोंदी असतात. असा दावा करायचाच असेल तर वर्क ऑर्डरसोबत काम पूर्ण झाल्याचा दाखला लागतो, आणि त्यात रक्कम, मुदत, कामाचं स्वरूप व सही करणाऱ्याचा हुद्दा. हा दाखला काम संपलं त्याच आठवड्यात घ्यावा. नंतर तो अधिकारी बदलून जातो आणि नवा अधिकारी, “मी तेव्हा इथे नव्हतो,” हे संपूर्णपणे खरं वाक्य बोलतो.

नियम चौथा. ‘निविदाकाराने मागील पाच वर्षांत किमान तीन महानगरपालिकांत, त्यांपैकी एक समुद्रकिनारी, जन्म-मृत्यू नोंदणी व श्वान परवाने यांची एकत्रित प्रणाली राबवलेली असावी’ अशी अट दिसली तर संगणक बंद करून घरी जावं. ते काम कुणाचं आहे हे त्याला माहीत आहे, विभागाला माहीत आहे आणि आता तुम्हालाही कळलं आहे.

नियम पाचवा शुद्धिपत्रक क्रमांक दोनने वगळण्यात आला आहे.

नियम सहावा. प्री-बिड बैठकीला विचारायला जाऊ नये, ऐकायला जावे.

प्रश्न आधीच एक्सेलमध्ये पाठवायचे असतात : कलम, पान, मूळ मजकूर, शंका. उत्तरं ठरलेली असतात, ‘आरएफपीप्रमाणे’ आणि ‘बदल नाही’. मग जायचं कशाला? हजेरीच्या वहीत सही करताना वरच्या सह्या वाचायला. आणि कोण काय विचारतो ते टिपायला. जो उलाढालीची अट कमी करा म्हणतो, त्याची उलाढाल कमी आहे. जो संयुक्त भागीदारी चालेल का विचारतो, त्याला एकट्याला झेपत नाही. जो काहीच विचारत नाही, सगळ्यांत मागे बसून बिस्किटं खातो आणि साहेबांकडे बघून मान हलवतो, त्याच्यासाठी नियम चौथा पुन्हा वाचावा.

सर बैठकीत उभे राहून कंपनीची ओळख करून देतात. तेव्हा मी खिडकीबाहेर बघतो.

नियम सातवा. प्रतिज्ञापत्रे.

काळ्या यादीत नाही, दिवाळखोर नाही, संचालकांवर गुन्हा नाही : हे नोटरीसमोर. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात शंभर-दोनशेच्या स्टँप पेपरची जागा पाचशेने घेतली, पण टेंडरचा मसुदा मागच्या टेंडरवरून उतरवलेला असतो आणि त्यात ‘शंभर रुपयांच्या’ असंच राहून गेलेलं असतं. पाचशेचाच घ्यावा. जास्त मुद्रांक लावला म्हणून कुणी बाद झाल्याचं ऐकिवात नाही.

जुलै २०२० पासून केंद्राच्या नियमांत आणखी एक दाखला आला. भारताला जमिनीची सीमा लागून असलेल्या देशातला निविदाकार असेल तर त्याला नोंदणी लागते. आपण तसे नाही, हे बाकी सगळ्यांना लिहून द्यावं लागतं. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांतून आम्हीही ते इमानेइतबारे लिहून देतो. आमच्या जमिनीची सीमा फक्त शेजारच्या ब्यूटी पार्लरला लागून आहे आणि तिथे तणाव आहे, तो पार्किंगवरून.

उद्यम नोंदणी असल्यास केंद्राच्या टेंडरांत बयाणा माफ होतो. मात्र नोंदणी ‘ट्रेडर’ म्हणून असेल तर नाही. हे बयाणा न भरता कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

नियम आठवा. प्रस्ताव लिहायला घेण्यापूर्वी गणित करावे.

समजा ‘अ’ला तांत्रिक गुण ९० आणि दर एक कोटी, ‘ब’ला गुण ७५ आणि दर ऐंशी लाख. सर्वाधिक गुणवाल्याला तांत्रिकात शंभर, सगळ्यांत स्वस्ताला दरात शंभर, बाकीच्यांना त्या प्रमाणात. तांत्रिकाला ७० आणि दराला ३० असं वजन असेल तर ‘अ’ ९४ वर जातो, ‘ब’ ८८.३३ वर थांबतो. हेच वजन उलटं, ३० आणि ७० केलं, की ‘अ’ ८६ आणि ‘ब’ ९५. प्रस्तावातला स्वल्पविरामही न बदलता निकाल बदलला. केंद्रीय वित्त मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सल्लागारीखेरीजच्या कामांनाही ही पद्धत खुली केली, पण दर सोडून बाकी सगळ्याचं वजन ३० टक्क्यांच्या वर जाऊ नये या अटीवर. आणि निव्वळ एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराला काम, असेल तर गुणांची भानगडच नाही. पात्र ठरलात की पुढे फक्त दर. तिथे दोनशे पानी कार्यपद्धती लिहिणं म्हणजे पास-नापासच्या परीक्षेत पुरवण्या जोडणं. मी त्या जोडल्या आहेत, सरांच्या आग्रहाखातर, रंगीत आकृत्यांसह.

नियम नववा. तांत्रिक लिफाफ्यात दराचा आकडा कुठेही नको. जोडलेल्या कोटेशनमध्येसुद्धा नको.

नियम दहावा. प्रत्येक पानावर एकदा ‘एआय’. (हा सरांचा नियम. माझा विरोध टिपणीत नोंदवला आहे.)

नियम अकरावा. शेवटचा दिवस हा शेवटचा दिवस समजू नये.

पोर्टलच्या माथ्यावर सर्व्हरचं घड्याळ असतं. तेच खरं, तुमच्या मनगटावरचं हौसेचं. एनईएफटीने भरलेला बयाणा पोर्टलला उमगायला वेळ लागतो, तो आदल्या दिवशी भरावा. डिजिटल सहीचं टोकन सरांच्या नावावर असतं, म्हणून ते सरांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असतं, आणि जुडगं अर्थात खंडाळ्याच्या घाटात. दर भरायची एक्सेल फाइल पोर्टलवरून उतरवलेलीच वापरावी, तिचं नाव बदलू नये. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल सरांनी पाहिलेली’ ही आपली घराणी पोर्टलला मान्य नाहीत. दर करांसह की करांशिवाय, हे मोठ्याने वाचून घ्यावं. सगळं चढवून झालं तरी ‘फ्रीझ’चं बटण दाबून पावती निघेपर्यंत निविदा भरलेली नसते, चहाला त्यानंतर उठावं.

दर सर स्वतः टाकतात. मी खुर्ची रिकामी करतो, सर बसतात आणि आम्हा सगळ्यांना बाहेर पाठवतात. काचेतून दिसतं. आकडा लिहितात, खोडतात, बोटांवर अंकांची बेरीज करतात, कारण ती नऊ यावी लागते. मग पुन्हा पाचशे रुपये कमी करतात. बेरीज बिघडते. मग पाच रुपये वाढवतात. चाळीस जणांचे पगार त्या एका पिवळ्या रकान्यात असतात हे त्यांना माहीत असतं, आणि त्या वेळी ते पहाटेबद्दल काही बोलत नाहीत. बाहेर येऊन म्हणतात, “झालं रे. जेवलास का?” या एका प्रश्नामुळे मी इतर दहा नियम सहन करतो.

नियम बारावा. काळजीपूर्वक वाचणारेही असतात.

एक प्रतिस्पर्धी. सरकारी खरेदीचं जेम पोर्टल २०१६ साली सुरू झालं. तिथे तांत्रिक तपासणीनंतर इतरांचे कागद बघता येतात आणि आक्षेप घेता येतात. सचिव जे वाचत नाही ते प्रतिस्पर्धी रात्र जागून वाचतो : प्रमाणपत्राची मुदत, नोटरीची तारीख, पान ६४ वरची राहिलेली सही. त्याच्याइतका निष्ठावान वाचक मराठी लेखकाला मिळत नाही.

दुसरा भेटतो काम मिळाल्यावर. करारनाम्यात सहसा एक कलम असतं की आरएफपी, शुद्धिपत्रकं, प्री-बिडची उत्तरं आणि निविदाकाराचा प्रस्ताव हे सगळं कराराचा भाग समजलं जाईल. म्हणजे तुम्ही शोभेसाठी लावलेल्या प्रत्येक विशेषणाला आता दंड लागू आहे. हा वाचक डेव्हलपर असतो, नुकताच रुजू झालेला, कानात हेडफोन. तो प्रस्ताव पहिल्यांदा उघडतो आणि पान १४२ घेऊन तुमच्या टेबलाशी येतो. तिथे लिहिलेलं असतं की नागरिक आपल्या बोलीत, इंटरनेट नसतानाही, फक्त बोलून अर्ज भरू शकेल, आणि उत्तर तीन सेकंदांत मिळेल. “हे कोणी लिहिलंय?” असं तो विचारेल.

टीमने, असं सांगावं.