अक्षता फोनवरून टाकतो आहोत

प्रति,
लीग क्रिकेट संघांचे समस्त अ‍ॅडमिनसाहेब,
मुक्काम : आमचा मोबाइल

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्र जबलपूरहून लिहितो आहे. २०२४ च्या जूनमध्ये मध्य प्रदेश लीग सुरू झाली आणि आमच्या गावाला एकाएकी सिंह मिळाले : जबलपूर लायन्स. पुढच्या वर्षी ते 'रॉयल लायन्स' झाले. ऊर भरून आला. फक्त त्या दोन्ही वर्षी सामने झाले ते सगळे ग्वाल्हेरला. नवरदेव आमचा, मांडव ग्वाल्हेरला, आणि आम्ही नर्मदाकाठी बसून फोनवरून अक्षता टाकतो आहोत. त्या अक्षतांना आपण 'एंगेजमेंट' म्हणता. शब्द चांगला निवडलात. साखरपुडा रोज, लग्न कधीच नाही.

आपली कामाची पद्धत मला आता पाठ झाली आहे. सकाळी 'आज कोण चमकणार?' म्हणून कौल. दुपारी बसमधल्या खेळाडूंचं रील. त्यात एकाने नाचायचं आणि दुसऱ्याने लाजायचं. नाणेफेकीआधी 'तीन मित्रांना टॅग करा, जर्सी जिंका'. मी माझ्या साडूला तीनदा टॅग केलं. जर्सी आली नाही. साडू मात्र बोलेनासा झाला. आणि हरल्यावर काळ्या पार्श्वभूमीवर 'आम्ही परत येऊ'. कुठे परत येणार, महाराज? इथे आलात कधी?

अर्थात, गावाचं नाव एकीकडे आणि मैदान दुसरीकडे, ही आमची जुनीच रीत आहे. हॉकीपटू रूपसिंह जबलपूरचे, ८ सप्टेंबर १९०८ चा जन्म. ध्यानचंदांचे धाकटे भाऊ. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला २४–१ असं धुतलं, त्यात एकट्या रूपसिंहांचे गोल १०. ध्यानचंदांचे ८. त्यांच्या नावाचं स्टेडियम कुठे आहे? ग्वाल्हेरला. तिथल्या शिंद्यांच्या लष्करात ते कॅप्टन होते, तेव्हा तक्रारीला जागा नाही. पण मुळात हॉकीसाठी असलेलं ते मैदान पुढे क्रिकेटचं झालं, आणि २४ फेब्रुवारी २०१० ला सचिनने एकदिवसीय सामन्यातलं पुरुषांचं पहिलं द्विशतक तिथेच ठोकलं. आज त्या मैदानाचं नाव घेतलं की लोकांना सचिन आठवतो. दहा गोल करूनही माणसाला आपल्याच मैदानात दुसऱ्याच्या पोस्टखाली उभं राहावं लागतं, ते असं.

बरं, सिंहांखेरीज आमच्याकडे काहीच नाही असंही नाही. रानीतालला तिरंदाजीची अकादमी आहे. जबलपूरच्या मुस्कान किरारने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कंपाउंड सांघिक प्रकारात रौप्य आणलं. कोरियाकडून सुवर्ण हुकलं ते तीन गुणांनी. रुबिना फ्रान्सिसने ३१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १० मीटर एअर पिस्तुलात ब्राँझ घेतलं. अशा दिवशी अभिनंदनाच्या पोस्टचा पाऊस पडतो. दुसऱ्या दिवशी ऊन. नेम धरून श्वास रोखलेल्या मुलीचं रील चालत नाही, हे मला कळतं. नव्वद सेकंद काहीच हलत नाही, आणि मागे ढोलाचं गाणं लावलं तर तीच आधी दचकेल.

आता कबुलीही देतो, नाहीतर आपण 'ट्रोल' म्हणून ब्लॉक कराल. रानीताल माझ्या घरापासून फार लांब नाही. तिथे सराव बघायला मी आजवर एकदाही गेलेलो नाही. आपल्या सिंहांचं बसमधलं नाचणं मात्र मी अकरा वेळा बघितलं. त्यातलं एकदा तर दत्तमंदिरात, आरती चालू असताना.

तेव्हा मागणी मोठी करत नाही. एक सामना जबलपूरला आणा. तो झेपत नसेल, तर निदान एका पोस्टमध्ये 'बड्डे' म्हणून हाक मारा. या गावात दोस्ताला तसंच पुकारतात, आणि जो तसं पुकारत नाही तो परगावचा, हे इथलं पोरही ओळखतं.

कळावे, लोभ (आणि फॉलो) असावा.

आपला आज्ञाधारक,
एक फॉलोअर

ता.क. : ८ सप्टेंबरला रूपसिंहांवर एक पोस्ट टाका. त्यात कुणालाही टॅग करायला सांगू नका.