वेळासची पाहुणेमंडळी

मंडणगड तालुक्यातलं वेळास एरवी नाना फडणविसांचं गाव. मार्च उजाडला की कासवांचं. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं इथली घरटी राखायला घेतली, तेव्हा अंडी सर्रास चोरीला जात. आता कासव महोत्सवाला पुण्या-मुंबईची कुटुंबं लोटतात आणि घरोघरी पंगती उठतात. झकासच! मग किनाऱ्यावर टोपली उपडी होते, तळहाताहून लहान ऑलिव्ह रिडलेची पिल्लं लाटांकडे सरपटू लागतात, आणि दोरीमागून हुकूम सुटतो, "अरे, इकडे बघ ना!" पिल्लं उजेडाकडे वळतात, हे कार्यकर्त्यानं दोनदा बजावल्यावर बाबा मोबाइलचा टॉर्च लावतात. मंडळी, वेफर्सचं पाकीट तेवढं घरी न्या. ते समुद्रात सोडायचा कार्यक्रम नसतो.