दाजी भिंत वाजवतात

आमचे दाजी भिंत वाजवतात. मडकं घेताना कुंभारापुढे बसून बायका वाजवतात ना, तशी. बोटाच्या पेराने, कान लावून. भिंत आरव्हीची, म्हणजे मोटारीमागे ओढत न्यायच्या घराची, आणि गाव इंडियानातलं एल्कहार्ट. अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही याच पट्ट्यात तयार होतात. दाजींचं घर तिथून तासाभरावर, हे ताईचं नशीब.

सहा वर्षं झाली, दाजी ट्रेलर घेतायत. पैसे आहेत, सुट्ट्या साठल्यात. अडलंय ते सांगाड्यावर. लाकडाचा, की ॲल्युमिनियमचा?

मी पोचलो त्या शनिवारी ते ॲल्युमिनियमच्या पक्षात होते. "लाकडीत काय, दीड-दीड इंचाच्या पट्ट्या, स्टेपलच्या पिना मारलेल्या. मधे गुलाबी काचलोकर, वरून पन्हाळीचा पत्रा. संपलं! आता हे बघ." त्यांनी पाव घेतला. "चौकोनी नळ्यांचा वेल्ड केलेला सांगाडा, नळ्यांमधे फोम, दोन्हीकडून पातळ प्लाय, बाहेर फायबरग्लास. सगळं चिकटवून दाबायचं." चीज, काकडी घालून तळहाताने दाबलेली ती भिंत ताईने उचलली आणि मुलाच्या डब्यात भरली. पोराला गेली सहा वर्षं डब्यात भिंतीच मिळतायत.

रविवारी चहाच्या आधीच पक्षांतर. "ॲल्युमिनियम कुजत नाही, कबूल. पण लाकडाच्या हजारपट उष्णता वाहून नेतं. जानेवारीत बाहेरची थंडी नळीनळीने आत. भिंतीला घाम फुटेल! आणि पाणी शिरलं की गोंद सुटतो, फायबरग्लासला पापडासारखे फोड. मग सगळी भिंतच बदला. लाकडीत पत्रा सोडवायचा, कुजकी पट्टी काढायची, नवी ठोकायची."

"मग लाकडीच घ्या."

"अरे, पण लाकूड कुजतं!"

जुन्या एअरस्ट्रीमचं अंग चकचकीत ॲल्युमिनियमचं, पण पायाखाली प्लायवुड, हे कळलं तेव्हा म्हणे ते दोन दिवस धड जेवले नव्हते. घरातलं माणूस फसवं निघावं तसं.

संध्याकाळी राजापूरहून त्यांच्या आईंचा व्हिडिओ कॉल. सगळं ऐकून घेऊन म्हातारी म्हणाली, "कौलं कधी परततात त्याची?"

"आई, कौलं नसतात. रबराचं छप्पर. सांध्यांना सीलंट लावतात, ते दर थोड्या महिन्यांनी तपासायचं. तडा गेला की पाणी आत."

"मग ते बघायला शिडीवर चढणार कोण? गेल्या वेळी स्वयंपाकघरात बादली दिसत होती मला."

बादली अजून तिथेच होती. पन्हळ तुंबून तिसरं वर्ष होतं. दाजींनी फोन ताईकडे दिला. खरं सांगायचं तर ट्रेलरचं अर्धं शास्त्र म्हातारीने कोकणातून सांगितलं होतं. सांगाडा कशाचाही असो, भिंतीची वाट लागते ती वरून शिरलेल्या पाण्याने. पण शिडी चढण्यात वाद घालायला जागा नसते ना!

सोमवारी सुट्टी होती, एल्कहार्टला गेलो. दाजींना बघून विक्रेता जागचा उठला नाही. उलट घुटमळणारं एक वयस्क जोडपं त्याने आमच्याकडे पाठवलं. दाजींनी खिशातून दोन सुयांचं ओलावामापक काढलं. पाऊण तास त्यांनी त्या दोघांना भिंती ऐकवल्या, खिडकीच्या कोपऱ्यात सुया टोचून दाखवल्या, आजोबांना पलंगाखाली आडवं करून टॉर्चने जोड दाखवले. आजींनी तर वहीत लिहून घेतलं. तासाभराने त्यांनी सह्या केल्या. ॲल्युमिनियमवर.

विक्रेत्याने दाजींना कॉफी आणि एक टोपी दिली. घरात अशा चार टोप्या आहेत, हे मला ताईने आधीच सांगितलं होतं.

परतताना दाजी बराच वेळ गप्प. टोल ओलांडल्यावर म्हणाले, "लाकडी घ्यायला हवी होती रे त्यांनी."