फणेरपेटी मोडीत

"काकू, कोपऱ्यावरच्या बंगल्यात भंगारवाला आला होता म्हणे?"

"म्हणे कसलं, मी गच्चीतून बघत होते. तिथल्या सासूबाईंची फणेरपेटी गेली गं त्यात! शिसवी लाकूड, झाकणाला आतून आरसा. करंडा, मेणाची डबी, फणी, सगळं जागच्या जागी. आधी मेणाचं बोट, मग वर कुंकू. कंपासने काढल्यासारखं गोल असायचं त्यांचं."

"काय आलं मग?"

"पितळ वजनावर गेलं. लाकडाला कोण विचारतंय!"

"अहो, केळकर संग्रहालयात असल्याच वस्तू लोक तिकीट काढून बघतात."

"तेच तर! भाचरांना घेऊन गेले होते. ती तिथल्या मस्तानी महालात रमली, मी अडकले वज्रींपाशी. टाचा घासायच्या वस्तू त्या, पण आकार बघ, मोर काय, हत्ती काय! न्हाणीघरातल्या वस्तूचीसुद्धा केवढी हौस. आता आपण दुकानातून करडा दगड आणतो आणि घासतो खसाखसा."

"केळकरांना कसं सुचलं हो हे?"

"घरचा धंदा चष्म्यांचा, आणि कविता करायचे 'अज्ञातवासी' नावाने. 1920 च्या सुमारास नाद लागला, वस्तू वीस हजारांवर गेल्या. मुलगा राजा लहानपणीच गेला, म्हणून संग्रहालयाला त्याचं नाव दिलं. बायको कमलाबाईही होत्या हो बरोबरीने, त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही. पुढे 1975 मध्ये सगळं सरकारच्या हवाली केलं. ढाल-तलवारी कुणीही जमवतं. बायकांच्या फण्या न् काजळाच्या डब्या जमवायला वेगळा माणूस लागतो."

"काजळाच्या डब्यांवरून आठवलं, आमच्या चिरंजीवांना शाळेत इजिप्तचा प्रकल्प आहे. राजांच्या थडग्यांची बांधकामं बघणारा कुणी खा, त्याची बायको मेरित. 1906 मध्ये इटलीच्या लोकांनी त्यांचं थडगं उघडलं, तर आत मेरितचा विग! खऱ्या केसांचा, बारीक वेण्या घातलेला, स्वतंत्र पेटीत ठेवलेला. शिवाय प्रसाधनाची पेटी निराळी, तिच्यात काजळाची नळीसुद्धा. आता सगळं तुरिनच्या संग्रहालयात आहे."

"किती जुनं?"

"साडेतीन हजार वर्षांच्या आसपास."

"बघ! तिला मेल्यावरसुद्धा पेटी सोबत दिली. इथे वर्षश्राद्ध व्हायच्या आत मोडीत. बरं, काजळ कशाचं लावायच्या?"

"शिशाचा काळा दगड असतो, तो कुटून."

"शिसं? डोळ्यांत? त्यापेक्षा आमचं बरं. एरंडेलाच्या दिव्यावर तबक पालथं धरायचं, काजळी तुपात कालवायची."

"काकू, आमच्याकडे जुन्या डब्यात केसात खोवायचं सोन्याचं फूल आहे. सासूबाई अग्रफूल म्हणतात, आई म्हणते केतक."

"मग सासूबाईंचंच लिहून ठेव, वस्तू त्यांची आहे. अंबाड्यात कुठे खोवायच्या, राखडी मध्ये की मूद, लग्नात किती दागिने डोक्यावर होते, सगळं विचार. त्या आहेत तोवर. वस्तू काय, पुढेमागे संग्रहालयाला देता येईल. पण ती कुणाची आणि कशी माळायची, ते संग्रहालयवाल्यांना कोण सांगणार? आज संध्याकाळीच बस वही घेऊन. मालिका उद्या बघ."