गरिबांचा कोटा भरला आहे
माणशी कपडे किती, असा एक प्रश्न सरकारने २००२ साली खेड्यापाड्यांत घरोघरी विचारला. दोनपेक्षा कमी असतील तर शून्य गुण, दहा किंवा त्याहून जास्त असतील तर चार. दारिद्र्यरेषेखालची कुटुंबं शोधायची ही परीक्षा: तेरा प्रश्न, एकूण ५२ गुण, आणि जो सपशेल नापास तोच उत्तीर्ण. शेवटचा प्रश्न मासलेवाईक होता. सरकारकडून मदत कसली हवी? रोजंदारीचं काम मागणाऱ्याला शून्य, घर मागणाऱ्याला तीन. डोक्यावर छप्पर हवं असं तोंडातून निघालं की माणूस जागच्या जागी तीन गुणांनी श्रीमंत!

निकाल मात्र पेपर तपासण्याआधीच लागला होता. कोणत्या राज्यात गरीब किती, याचा १९९९-२००० सालचा नियोजन आयोगाचा अंदाज तयार होता आणि यादी त्याच्या फार पुढे न्यायची नव्हती. राज्यांनी मग तेवढीच डोकी बसतील अशी गुणांची रेषा ओढली. रेषेच्या एका गुणाने वर राहिलेल्याने भूक लागली तरी ती बिगरसरकारी समजायची.

दारिद्र्यरेषेचं एक मूळ पुण्यात आहे. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दिवसाला २,२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च ही कसोटी धरली. दोघांना निदान पोटापासून सुरुवात करावीशी वाटली.

पुढे हिशेब दिल्लीच्या हाती पक्का झाला. सप्टेंबर २०११मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयाला प्रतिज्ञापत्रावर सांगितलं, की शहरात दिवसाला ३२ रुपये आणि खेड्यात २६ रुपये असले की जेवण, शिक्षण, औषधपाणी सगळं भागतं. पुढच्याच वर्षी याच आयोगाच्या योजना भवनातल्या दोन स्वच्छतागृहांच्या नूतनीकरणाला ३५ लाख लागल्याचं माहितीच्या अधिकारात उघड झालं. ३२ रुपये रोजाने शहरी माणूस एवढ्या पैशांत जवळपास तीनशे वर्षं जगला असता. शिक्षण आणि औषधपाण्यासकट.

२०१३मध्ये काँग्रेसच्या राज बब्बर यांना मुंबईत बारा रुपयांत पोटभर जेवण सापडलं. हॉटेलचा पत्ता विचारणारे वाढले, तेव्हा त्यांनी दिलगिरी व्यक्त केली.

आता जागतिक बँकेच्या हिशेबाने २०२२-२३मध्ये देशात अतिगरीब जेमतेम ५.३ टक्के उरले. मोफत धान्य मात्र सुमारे ८१ कोटी लोकांसाठी, तेही २०२४पासून आणखी पाच वर्षं. दोन्ही आकड्यांबद्दल अभिनंदनाचे फलक लावता येतात, ही मोठीच सोय.

महाराष्ट्र यात मागे कसा राहील? इथे १९९९ साली तिरंगी शिधापत्रिका आल्या. त्यांतल्या गरिबांच्या पिवळ्या कार्डासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न पंधरा हजारांच्या आत हवं. शिवाय घरात कुणी डॉक्टर, वकील किंवा सनदी लेखापाल नको, आणि टेलिफोन तर नकोच. महिन्याला साडेबाराशेत भागवणाऱ्या घरात सनदी लेखापाल दडला असेल, ही शंका ज्या कोणाला सुचली, त्याला बढती मिळाली असावी.

मग २०२४मध्ये लाडकी बहीण योजना आली. महिना दीड हजार, म्हणजे वर्षाची ओवाळणी अठरा हजार. पिवळ्या कार्डाच्या मर्यादेपेक्षा तीन हजारांनी जास्त. या ओवाळणीसाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो नसला, तर पिवळं कार्ड चालतं.